धिंगरीचं स्पॉन चाऱ्यासाठी घ्यावं का? मुंबईतल्या गोठ्यांसाठी परीक्षण

एक किलोची पारदर्शक पिशवी, आत पांढऱ्या बुरशीने गच्च बांधलेले गव्हाचे नाहीतर ज्वारीचे दाणे, तोंडाला कापसाचा बोळा. धिंगरी अळिंबीचं (ऑयस्टर मशरूमचं) हे स्पॉन, म्हणजे बियाणं, बनतं मशरूम पिकवणाऱ्यांसाठी. पण त्याच बुरशीने भाताचा पेंढा किंवा उसाचं चिपाड जनावराला पचायला सोपं करता येतं. त्या एका कामासाठी हे विकत घ्यावं का, एवढंच इथे तपासलं आहे.

आधी निकाल सांगतो. देवनार-गोवंडीकडे दहा-पंधरा शेळ्या बांधणारे, किंवा मालवणी, जोगेश्वरी, आरे भागात दोन-चार भाकड म्हशी आणि मोठ्या पारड्या सांभाळणारे यांनी जरूर घ्यावं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सुरुवात करावी. पन्नास-शंभर दुभत्या म्हशींच्या तबेल्याने मात्र या वाटेला जाऊ नये. त्याचं गणित पुढे आहे.

भाताच्या पेंढ्यात सेल्युलोज भरपूर असतं आणि म्हशीच्या पोटातले जिवाणू ते पचवू शकतात. अडचण लिग्निनची, म्हणजे काडीला लाकडासारखा कडकपणा देणाऱ्या घटकाची. सेल्युलोजच्या धाग्यांभोवती ते असं घट्ट बसलेलं असतं की जिवाणूंना आत शिरायला वाटच मिळत नाही, आणि बराचसा पेंढा तसाच शेणावाटे बाहेर पडतो. धिंगरी ही लाकूड पांढरं पाडून कुजवणाऱ्या बुरशींच्या जातीतली. ती लॅकेज, मँगनीज पेरॉक्सिडेज अशी विकरं (एन्झाइम) सोडते आणि लिग्निन तोडते. सोबत हेमिसेल्युलोज आणि थोडं सेल्युलोजही खाते, पण बरंचसं सेल्युलोज मागे राहतं. हाच सगळा फायदा.

म्हणूनच दुकानात शेजारी ठेवलेली ट्रायकोडर्मा या दुसऱ्या बुरशीची पूड या कामाची नाही. ट्रायकोडर्मा नेमकं सेल्युलोज फस्त करते आणि लिग्निनला फारसा हात लावत नाही, म्हणजे जनावराचा घास खाऊन फक्त लाकूड शिल्लक ठेवते. शिवाय ती पूड टाल्कमध्ये मिसळलेली असते आणि मातीत टाकण्यासाठी बनवलेली असते, गव्हाणीत टाकण्यासाठी नव्हे. वेस्ट डिकंपोजरची बाटलीही खतासाठीच आहे. कोणी ‘बुरशी ती बुरशी’ म्हणत यातलं काही चाऱ्यावर ओतायला सांगितलं तर ऐकू नका.

प्रथिनांच्या दाव्याबद्दल

‘प्रथिनं वाढतात’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. हिशेब असा. १०० किलो कोरड्या पेंढ्यात ४ टक्के प्रथिनं, म्हणजे ४ किलो. तीन आठवड्यांत बुरशी त्यातले १५ किलो कोरडं वजन खाऊन हवेत सोडते. उरले ८५ किलो, प्रथिनं तीच ४ किलो. टक्केवारी झाली ४.७. कागदावर वाढ दिसली, गव्हाणीत एक ग्रॅमही वाढलं नाही. धिंगरी हवेतून नत्र ओढून प्रथिनं बनवत नाही. प्रयोगशाळेत प्रथिनं मोजतात तीही नत्र मोजून आणि त्याला ६.२५ ने गुणून. बुरशीच्या पेशीभित्तीतल्या कायटिनमधलं नत्रही त्यात मोजलं जातं, आणि ते जनावराच्या फारसं कामी येत नाही.

त्यामुळे स्पॉन घेऊन सरकीची पेंड किंवा चुणी कमी करण्याचा विचार असेल तर तो सोडा. या मालाचं खरं मोल पचनीयतेत आहे. विक्रेता प्रथिनांचा आकडा दाखवू लागला तर एनडीएफ, एडीएफ (चाऱ्यातल्या तंतूंची दोन मोजमापं), लिग्निन आणि इन व्हिट्रो (प्रयोगशाळेतल्या नळीत मोजलेल्या) पचनीयतेचा अहवाल मागा. हे चार आकडे ज्याला सांगता येत नाहीत, त्याने मशरूमवाल्यांनाच माल विकावा.

पिशवी घेताना

दाणे एकसारखे पांढरे हवेत. पिशवी दाबली की ढेकूळ मोडून दाणे सुटे व्हायला हवेत. तळाशी पिवळं पाणी साचलं असेल तर स्पॉन जुनं तरी आहे किंवा उन्हात तापलेलं. हिरवा, काळा किंवा नारिंगी ठिपका एकच असला तरी पिशवी परत करा. वास ताज्या अळिंबीचा असतो. आंबूस किंवा दारूसारखा वास आला तर आत जिवाणू वाढले आहेत. पिशवीवर तारीख आणि जात लिहिलेली नसेल तर घेऊ नका. महिन्याच्या आतलं स्पॉन उत्तम.

जात महत्त्वाची आहे. मुंबईच्या हवेत साजोर-काजू आणि फ्लोरिडा या दोन जाती बऱ्या चालतात. गुलाबी धिंगरी उकाडा जास्त सोसते, पण तिला अळिंबी लवकर फुटते आणि आपल्याला ती नको असते. तिचं स्पॉन फ्रिजमध्येही टिकत नाही, थंडीने मरतं. बाकी जाती ४-५ अंशांवर काही आठवडे राहतात. कुरियरने मागवत असाल तर एप्रिल-मे टाळा. बंद टेम्पोत दुपारी ४० अंशांपलीकडे तापलेली पिशवी वरून पांढरीच दिसते, पण पेंढ्यात पेरल्यावर आठवडाभर हलत नाही आणि तोवर हिरवी बुरशी जागा पकडते. स्पॉनच खराब निघालं असं वाटतं, प्रत्यक्षात ते वाटेतच मेलेलं असतं.

कृती आणि प्रमाण

मुरबाड, शहापूर, कर्जत, पालघरकडून येणारा पेंढा याच वर्षीचा, पिवळा आणि खडखडीत कोरडा बघून घ्या. पावसात भिजून काळा पडलेला पेंढा शिजवला तरी या कामाला येत नाही. कडबाकुट्टी यंत्रावर ३ ते ५ सेंटीमीटरचे तुकडे करा. लांब ठेवलात तर पिशवीत पोकळ्या राहतात. अगदी भुगा केलात तर हवा खेळत नाही आणि मधोमध आंबतं.

२०० लिटरच्या पिंपात १० ते १२ किलो कोरडी कुट्टी आरामात मावते. ती पोत्यात भरून पाण्यात बुडवा, वर दगड ठेवा. पाणी ७० ते ८० अंशांवर तासभर राहिलं पाहिजे. थर्मामीटर घ्या. हाताला चटका बसला म्हणजे झालं, असं समजून केलेला पेंढा बहुतेक वेळा ५५ अंशांवरच थांबलेला असतो आणि पुढे हिरवा होतो.

मशरूम पिकवणारे याच टप्प्यावर गॅस वाचवायला कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आणि फॉर्मॅलिन मिसळलेल्या थंड पाण्यात पेंढा रात्रभर भिजवतात. १०० लिटरला साडेसात ग्रॅम बुरशीनाशक आणि १२५ मिलिलिटर फॉर्मॅलिन, असं ते ठरलेलं माप आहे. चाऱ्यासाठी ही पद्धत अजिबात वापरायची नाही. अळिंबी काढून झालेला पेंढा कोणी फुकट देऊ केला तर म्हणूनच पहिला प्रश्न हा विचारा: पेंढा कशात भिजवला होता? उत्तर ‘गरम पाण्यात’ असलं तरी तो माल दुय्यमच. महिना-दोन महिने बुरशीने त्यातलं सेल्युलोजही खाल्लेलं असतं, आणि पोषणाचा चांगला वाटा अळिंबीबरोबर तोडून नेलेला असतो.

गरम पेंढा स्वच्छ जाळीवर किंवा उतरत्या लादीवर निथळत ठेवा. मूठभर घेऊन पिळा. तळवा ओला झाला पण थेंब गळला नाही, तर ओलावा ६५ ते ७० टक्क्यांच्या जवळ आहे. थेंब गळत असेल तर आणखी थांबा. घाईने भरलेल्या ओल्या पिशवीच्या तळाशी पाणी साचतं आणि तिथूनच शेणासारखा वास सुरू होतो. पेंढा ३० अंशांच्या खाली येईपर्यंत स्पॉन उघडू नका.

१० किलो कोरड्या पेंढ्याचा निथळल्यावर सुमारे ३० किलो ओला पेंढा होतो. त्याला ओल्या वजनाच्या ३ टक्के, म्हणजे जवळपास एक किलो स्पॉन लागतं. थंडीत २ टक्क्यांवर भागतं. पावसाळ्यात मात्र ४ टक्के टाका, कारण तिथे शर्यत असते: धिंगरी जितक्या जास्त जागी सुरू होईल तितकी उपऱ्या बुरशीला जागा कमी. १८ बाय २४ इंचाच्या पॉलिप्रोपिलीनच्या पिशवीत पाच किलो ओला माल भरा. चार बोटं पेंढा, वर स्पॉनचा थर, कडेने थोडं जास्त, असं करत वरपर्यंत या आणि दाबून बांधा. साबणाने धुतलेल्या हातांनी, पंखा बंद करून. मग सुईने वीसेक भोकं पाडा.

पिशव्या अंधाऱ्या खोलीत, २५ ते २८ अंशांवर, एकमेकींपासून वीतभर अंतर ठेवून टांगा. वाढणारी बुरशी स्वतः उष्णता सोडते. पिशवीचं पोट खोलीपेक्षा तीन ते पाच अंश जास्त गरम असतं. एकावर एक रचलेल्या पिशव्या मधल्या मध्ये भाजून निघतात. पत्र्याच्या माळ्यावर तर मार्चनंतर काहीच जगणार नाही. गोठ्याला लागून खोली नको. शेणावरच्या माश्या भोकांतून अंडी घालतात, आणि कडब्याची धूळ म्हणजे बीजाणूंचा ढगच.

पंधरा ते वीस दिवसांत पिशवी आरपार पांढरी होते. त्यानंतर दोन-तीन दिवस थांबा आणि उघडा. टाचणीच्या डोक्याएवढे अळिंबीचे कोंब दिसू लागले की उशीर झाला. ‘थोडी भाजीही निघेल’ हा मोह इथे महागात पडतो. जितके दिवस जास्त, तितकं कोरडं वजन घटतं आणि लिग्निननंतर सेल्युलोजची पाळी येते. तयार पेंढ्याची काडी बोटांत पिळली की तुटते; कच्ची काडी वाकते आणि परत सरळ होते. ही परीक्षा साधी आहे आणि चांगली आहे.

काय बिघडतं

हिरवे डाग म्हणजे बहुतेकदा ट्रायकोडर्मा. पाणी कमी तापलं किंवा स्पॉन अशक्त होतं. पिवळसर हिरवे, पुडीसारखे डाग म्हणजे अ‍ॅस्परजिलस असू शकते, आणि ही सगळ्यात घातक, कारण तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष येतं. नारिंगी पावडर अर्ध्या दिवसात खोलीभर पसरते. ती पिशवी न उघडता ओल्या पोत्यात गुंडाळून बाहेर काढा. तळाशी काळपट चिखल आणि दुर्गंधी म्हणजे जास्त पाणी. छत्रीसारख्या, शाईसारख्या वितळणाऱ्या बारीक अळिंब्या आल्या तर पेंढ्यात अमोनिया आहे, म्हणजे कोणीतरी युरिया मिसळला किंवा पेंढ्याला मूत लागलं.

डाग कापून बाकीचं खाऊ घालणं ही चूक कुणी करू नये. पूर्ण पिशवी जाते, आणि ती गोठ्याच्या उकिरड्यावरही नाही, बंद करून बाहेर.

हे कडक का, ते आकड्यांत पाहा. पशुखाद्यात अफ्लाटॉक्सिन बी-१ ची भारतीय मानकातली मर्यादा २० पीपीबी (किलोला २० मायक्रोग्रॅम) आहे, आणि दुधात उतरणाऱ्या त्याच्या एम-१ या रूपाची मर्यादा लिटरला ०.५ मायक्रोग्रॅमच्या आसपास. म्हशीने ५० पीपीबीचं ५ किलो खाद्य खाल्लं तर २५० मायक्रोग्रॅम विष पोटात गेलं. त्यातलं २ टक्के दुधात उतरलं तर ५ मायक्रोग्रॅम. म्हैस ८ लिटर देत असेल तर लिटरला ०.६ हून जास्त. मर्यादा ओलांडली, आणि दूध उकळून हे विष जात नाही. दुसरा धोका फ्युजेरियम बुरशीचा. बुरसलेला भाताचा पेंढा खाल्लेल्या म्हशींना डेगनाला रोग होतो. कान, शेपटीचं टोक आणि खुरांजवळचा भाग रक्तपुरवठा तुटून सडतो. पांढरी धिंगरी हा रोग आणत नाही, पण निष्काळजीपणे भरलेल्या पिशवीत धिंगरी एकटी नसते.

याच कारणासाठी कोजीचं कल्चर, म्हणजे अ‍ॅस्परजिलस ओरायझी, घरच्या घरी कोंड्यावर वाढवण्याला आमचा ठाम नकार आहे. कारखान्यात ते नियंत्रणाखाली बनतं आणि पूरक म्हणून उपयोगीही आहे. पण तिची सख्खी बहीण अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस अफ्लाटॉक्सिन बनवते, दोघींचा रंग तोच पिवळा-हिरवा, आणि मुंबईच्या जुलैत कोणत्या ताटात कोण वाढलं हे डोळ्यांना कळत नाही. धिंगरीचा मोठा गुण हा की ती पांढरी आहे. जे पांढरं नाही ते फेकायचं, एवढा सोपा नियम गोठ्यावरच्या कोणालाही सांगता येतो.

मुंबईत फुकट मिळणारा माल

रसवंतीचं चिपाड सगळ्यांना खुणावतं, कारण प्रत्येक स्टेशनाबाहेर ते पोत्याने पडलेलं असतं. चालतं, पण अटी आहेत. त्यात उरलेली साखर काही तासांत आंबते. सकाळचं चिपाड दुपारपर्यंत उचला, आलं आणि लिंबाची सालं वेचून काढा, २-३ सेंटीमीटर कुट्टी करा, दोनदा पाण्यातून काढा आणि मगच पिंपात घाला. न धुतलेल्या चिपाडावर हिरवी बुरशी धिंगरीला कायम हरवते. चिपाडात लिग्निन पेंढ्यापेक्षा बरंच जास्त आणि प्रथिनं त्याहून कमी, त्यामुळे एकट्या चिपाडाऐवजी दोन भाग पेंढा आणि एक भाग चिपाड हे मिश्रण बरं. त्याला चार-पाच दिवस जास्त लागतात.

केळीचं खोड उन्हात कोमेजवून पेंढ्यात मिसळता येतं. ताजं घातलं तर निव्वळ पाणी. भाजी मंडईचा पाला या कामाला नको. तो फार ओला असतो, तो ताजाच खाऊ घालावा. नारळाच्या शेंड्या, निर्माल्य, सुतारकामातला भुसा, रंगवलेलं लाकूड: काहीही नको.

खाऊ घालताना

पहिले दोन दिवस जनावर हुंगून तोंड फिरवतं. अळिंबीचा वास त्याला नवा असतो. थोडा कोंडा किंवा गुळाचं पाणी शिंपडलं की खातं. शेळीला कोरड्या हिशेबाने ५० ग्रॅमपासून सुरू करून दहा दिवसांत २५० ग्रॅमपर्यंत, म्हशीला अर्ध्या किलोपासून ३ किलोपर्यंत न्या. सुक्या वैरणीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. सहा महिन्यांखालच्या वासरांना आणि पारडांना देऊ नका. ओला माल तिपटीने जड असतो हे वजन करताना लक्षात ठेवा.

उघडलेली पिशवी त्याच दिवशी संपवा. जास्त असेल तर ताडपत्रीवर चार बोटं जाडीने पसरून कडक उन्हात दोन दिवस वाळवा. पावसाळ्यात वाळत नाही, म्हणून त्या चार महिन्यांत रोजच्या गरजेइतक्याच पिशव्या भरा. आणखी एक: बुरशी पेंढ्यातली सिलिका काढत नाही, आणि भाताच्या पेंढ्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. मोठ्या म्हशीचं रोजचं ५० ग्रॅम खनिज मिश्रण चालूच ठेवा.

पैसा आणि जागा

स्पॉन १२० रुपये किलो धरलं तर एक किलो कोरड्या पेंढ्यामागे १२ रुपये नुसत्या स्पॉनचे. त्यात गॅस, पिशव्या, मजुरी आणि १५ टक्के घट. हा खर्च भुशाच्या दराशी ताडून पाहा. जिथे पेंढा जवळपास फुकट आणि मजूर घरचा, तिथेच जमतं. खर्च उतरवायचा एक चांगला मार्ग म्हणजे निरोगी पांढऱ्या पिशवीतला पेंढाच पुढच्या लॉटला बियाणं म्हणून १० टक्के वापरणं. एकदा करा, दुसऱ्यांदा नको. दर पिढीला उपरी बुरशी सोबत येते.

दहा शेळ्यांना रोज अडीच किलो कोरडा माल लागतो. तीन आठवड्यांचं चक्र सतत चालू ठेवायचं तर घट धरून सुमारे ६० किलो पेंढा एका वेळी पिशव्यांत हवा, म्हणजे ३६ पिशव्या. दहा बाय दहाच्या खोलीत टांगता येतात. आता शंभर म्हशी घ्या. रोज ३ किलोप्रमाणे ३०० किलो, २१ दिवसांचे ६,३०० किलो, पावणेदोन किलो कोरड्या मालाच्या एका पिशवीच्या हिशेबाने साडेतीन हजारांहून जास्त पिशव्या, त्याही थंड आणि स्वच्छ खोलीत. गोरेगाव-जोगेश्वरीत एवढी जागा असती तर तिथे आणखी म्हशी बांधल्या असत्या.

मोठ्या तबेल्यासाठी जुनी युरिया प्रक्रियाच योग्य. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया, ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडा, पायाने दाबा, ताडपत्रीने हवाबंद करून २१ दिवस ठेवा. उघडल्यावर तासभर वारा लागू द्या, म्हणजे डोळे झोंबणारा अमोनिया उडतो. इथे नत्र खरोखर वाढतं, आणि निर्जंतुक खोली लागत नाही. युरिया विरघळला नाही तर मात्र खड्यांनी विषबाधा होते, तेव्हा पाणी ढवळण्यात कसूर नको.

युरिया आणि धिंगरी एकत्र केलं तर दुप्पट फायदा होईल, असं वाटणं साहजिक आहे. पण अमोनियात धिंगरी मरते. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत युरिया प्रक्रिया केलेल्या पेंढ्यावर अमोनिया सोसणारी कोप्रिनस बुरशी, म्हणजे तीच शाईसारखी वितळणारी छत्री, मुद्दाम वाढवून पाहिली गेली. पद्धत शास्त्रीयदृष्ट्या पक्की होती, तरी वजनातली घट आणि दोन टप्प्यांची मेहनत यामुळे ती शेतकऱ्यांच्या गोठ्यात रुजली नाही. एका गोठ्याने दोहोंपैकी एकच निवडावं.

पहिला लॉट सहा पिशव्यांचाच भरा. त्यातल्या पाच आरपार पांढऱ्या निघाल्या तर वाढवा. चारच निघाल्या तर स्पॉन बदलण्याआधी पिंपातलं पाणी थर्मामीटरने पुन्हा मोजा. आणि वाळवलेल्या मालातला अर्धा किलो नमुना अफ्लाटॉक्सिनसाठी तपासून घेतल्याशिवाय दुभत्या जनावरासमोर एक मूठही टाकू नका. मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयाच्या पशुपोषण विभागात तपासणी कुठे होईल याची चौकशी करता येईल.